पोर्ट लुईच्या धक्क्यावरून

बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रप्रवासाची गणना पतनीय कर्मांत, म्हणजे माणसाला जातीतून खाली उतरविणाऱ्या पातकांत, केलेली आहे. नारळी पौर्णिमेला दर्याला श्रीफळ अर्पण करणाऱ्या आम्हां किनाऱ्यावरच्या लोकांना हे वचन नेहमीच थोडे अडचणीचे वाटत आले. दर्यावर पोट भरावे, पण दर्या ओलांडू नये, ही शिस्त शास्त्रकारांनी कोणत्या नदीच्या काठी बसून घालून दिली असेल ती असो! पोट मोठे ठरले आणि वचन पोथीत राहिले. आज तर समुद्र ओलांडण्यासाठीही नव्हे, नुसता समुद्रावर बसून राहण्यासाठी माणसे पैसे मोजतात आणि त्याला सुटी म्हणतात. असे पैसे मोजणाऱ्यांत अलीकडे एका डिसेंबरात आम्हीही होतो, हे आधीच कबूल केलेले बरे.

मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरातून निघायचे, रियुनियन, मादागास्कर आणि सेशेल्स ही बेटे पाहायची आणि पुन्हा पोर्ट लुईला यायचे, असा तो बारा दिवसांचा बेत होता. पुढच्या दिवसांविषयी लिहिण्याजोगे फारसे नाही. समुद्र निळा होता, बेटे हिरवी होती, आणि जेवण प्रमाणाबाहेर होते. पहिल्या दिवसाने मात्र आमचा पिच्छा अद्याप सोडलेला नाही.

दुपारी जहाजावर चढायचे होते, म्हणून सकाळ मोकळी होती. सोमवार होता. ज्या बंदरातून आमची बोट सुटणार होती त्याच बंदराच्या दुसऱ्या अंगाला ‘आप्रवासी घाट’ नावाची एक जागा आहे. जुन्या काळी तिला ‘कुली घाट’ म्हणत. २००६ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. ताजमहाल किंवा हंपी डोळ्यांपुढे ठेवून कोणी तेथे गेला तर निराश होईल. काळ्या दगडाच्या काही भिंती, इस्पितळाचा अवशेष, स्वयंपाकघराच्या खुणा, एक दरवाजा, आणि पाण्याच्या बाजूने वर येणाऱ्या १६ पायऱ्या. मूळच्या वास्तूतील थोडासा भागच आता उरला आहे. बंदराकडे जाणारा हमरस्ता तिच्या अंगावरून काढला, आणि आम्ही पायऱ्यांपाशी उभे होतो तेव्हा मागून मोटारींचा घरघराट अखंड ऐकू येत होता.

१८३४ च्या नोव्हेंबरात, २ तारखेला, कलकत्त्याहून आलेल्या ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर या बंदरात उतरले. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपत होती, आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. पाच वर्षांचा करार आणि महिना पाच रुपये पगार. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचे वेतन कापण्याची वहिवाट पुढे रूढ झाली. या कराराच्या ‘अ‍ॅग्रीमेंट’चेच आपल्या लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे या बंदरात उतरली. कलकत्ता आणि मद्रास ही मोठी बंदरे खरी, पण मुंबईहूनही जहाजे सुटली, आणि त्यांत रत्नागिरीकडचे आपले कोकणी मराठे होते. त्याही आधी, १८१५ पासून, बंगाल आणि मुंबई इलाख्यांतील कैदी रस्ते बांधण्यासाठी येथे आणलेले होते. म्हणजे या बेटावर आपल्या माणसाचे पहिले पाऊल बेडीसह पडले, दुसरे अंगठ्यासह, आणि तिसरे, आमचे, परतीच्या तिकिटासह.

घाटापर्यंत ज्या टॅक्सीने गेलो तिचा चालक वाटेत म्हणाला, “मैं मराठी हूँ.” त्याचे घराणे बेटाच्या पश्चिमेकडच्या एका गावातले. आडनाव विचारले तर जे सांगितले ते आपल्याकडे कोणा आजोबाचे नाव शोभले असते. शेवटी ‘जी’ लावलेले. उतरवून घेणाऱ्या कारकुनाने त्या पहिल्या पुरुषाचे जे नाव लिहिले, तेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव होऊन बसले. मूळ गाव कोणते, ते त्याला ठाऊक नव्हते. मराठी कळते, पण बोलताना गाडी क्रेओलच्या रुळावर जाते, असे तो हसत हसत म्हणाला. मात्र गणेश चतुर्थीला या देशात सार्वजनिक सुटी असते हे त्याने आम्हांला दोनदा बजावले, आणि आपल्या गावच्या जाखडी नाचाविषयी तो इतक्या अभिमानाने बोलला की रत्नागिरीत आज किती जण तसे बोलतील याची आम्हांला शंका आहे.

घाटावरून परतलो आणि दुपारी लेसालीन भागातील प्रवासी धक्क्यावर रांगेत उभे राहिलो. तेथेही कारकून होते. सामानाला पट्ट्या बांधल्या, पारपत्रे काढून घेतली, चेहऱ्याचे छायाचित्र टिपले आणि हातात एक कार्ड दिले. हेच कार्ड खोलीची किल्ली, हेच पैशाचे पाकीट आणि हीच बोटीवरची ओळख. सकाळीच आम्ही वाचले होते की १८६० नंतरच्या काळात घाटावर उतरलेल्या मजुरांची छायाचित्रे काढून त्यांना तिकिटे देत. ती दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेली आहेत. रांगेत उभे असताना ती आठवण येणे अपरिहार्य होते. पण साम्य ताणण्यात अर्थ नाही. आमच्या मागे एक वातानुकूलित बस उभी होती आणि कोणीतरी लिंबाचे सरबत वाटत होते.

प्रकृतीविषयीचा एक कागदही भरून द्यावा लागला. ताप, उलट्या, जुलाब आहेत काय? आमच्या पुढच्या एका युरोपीय गृहस्थाने हा कागद भरताना नाक मुरडले. त्यांना या बेटाची स्मृती ठाऊक नसावी. १८५६ साली दोन जहाजांतून आलेल्या मजुरांना पटकीच्या भयाने उत्तरेकडील गॅब्रिएल नावाच्या उजाड बेटावर उतरवून ठेवले, आणि तेथे निवारा, अन्न, पाणी यांच्या अभावी दोनशेहून अधिक माणसे मेली. २०२४ च्या फेब्रुवारीत अशाच एका मोठ्या पर्यटनबोटीवर पटकीचा संशय येताच मॉरिशसने तिला धक्क्याला लागू दिले नाही. तपासणीत पटकी नसल्याचे निघाल्यावरच ती आत आली. दुसऱ्या प्रसंगी प्रवाशांना समुद्रावर थांबावे लागले ते नरम गादीवर, एवढाच काय तो फरक, असे कोणी म्हणेल. आमच्या मते तो फरक फार मोठा आहे, आणि तो पडावा यासाठी पावणेदोनशे वर्षे लागली.

वर जाताच भोजनगृह. बोटीच्या पहिल्या दिवसाचे खरे दैवत तेच. सामान अद्याप खोलीत पोचलेले नाही, खोल्या उघडलेल्या नाहीत, तेव्हा हजार-दोन हजार माणसांना कोठे ठेवायचे? त्यांना खाऊ घालायचे. लांबच लांब मेजे, त्यांवर पदार्थांच्या राशी. आमची सौभाग्यवती फोंडे महालातली. घरचा सोमवार तिने कधी मोडलेला नाही. भाताची एक पिवळसर रास पाहून तिने पळी उचलली, तोच मेजापलीकडे पांढऱ्या कोटात उभा असलेला तिशी-पस्तिशीतला तरुण हलक्या आवाजात म्हणाला :

“बाये, तें नाका. तातूंत सुंगटां आसात. आज सोमार न्हय?”

पळी जागच्या जागी राहिली. आफ्रिकेच्या पूर्वेला, हिंदी महासागराच्या मध्यावर, इटालियन आणि जर्मन बोलणाऱ्या त्या गर्दीत तिच्या सोमवाराची काळजी कोणी वाहील अशी कल्पना आम्ही केली नव्हती. रांगेत आम्ही दोघे आपसांत बोललो ते त्याने ऐकले होते. तो कुंकळ्ळीचा, ख्रिस्ती. त्याचा बाप तारवटी, आजाही तारवटी. आजाच्या वेळी मुंबईला धोबीतलावच्या कुडीत पेटी ठेवून बोटीची वाट पाहत महिनेच्या महिने काढावे लागत. शेजारच्या हिंदू घरातून लहानपणी चतुर्थीच्या नेवऱ्या येत आणि नाताळात यांच्या घरचे दोदोल तिकडे जाई, तेव्हा सोमवार कोणाचा आणि शुक्रवार कोणाचा हे त्याला शिकवावे लागले नव्हते. त्याने आमच्यासाठी आतून साधे वरण आणि भात आणला. त्या एवढ्या राशींमधून आम्ही वरण-भात खाल्ला, हे आमच्या युरोपीय सोबत्यांना शेवटपर्यंत कळले नाही.

सामानाची कथा थोडक्यात सांगतो. तीन पेट्यांपैकी दोन आल्या. तिसरीत औषधे होती. बोटीवरच्या कचेरीत तीनदा चकरा मारल्या, तीनदा ‘येईल’ असे गोड उत्तर मिळाले. गोड उत्तराला औषध नसते.

पाचच्या सुमारास भोंगा झाला : सात आखूड, एक लांब. संकटसूचनेची ती जगभर ठरलेली खूण. प्रत्येक प्रवाशाने नेमलेल्या जागी जाऊन हजेरी द्यायची आणि जीवरक्षक जाकीट कसे घालायचे ते पाहायचे. आम्हांला वामकुक्षी राहिली होती, पेटीचा ताप होता, आणि हा पोरखेळ चुकविता येईल का याचा विचार मनात आलाही होता. पण मार्गिकेत तोच कुंकळ्ळीचा तरुण उभा. अंगात पांढऱ्या कोटाऐवजी नारिंगी जाकीट, हातात यादी, गळ्यात शिटी. दुपारचा मऊ आवाज नाहीसा झाला होता. “सकयल वच, आवय. बाबा, तुमीय वचात.” आम्ही मुकाट्याने गेलो.

भोजनगृहात वाढणारा, खोलीत चादरी बदलणारा, रात्री पेले पुसणारा, हाच मनुष्य संकटाच्या वेळी आपल्याला नावेपर्यंत नेणारा असतो, ही गोष्ट सुटीवरच्या प्रवाशाच्या मनात शिरत नाही. २०१२ च्या १३ जानेवारीला ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही बोट इटलीच्या चिवितावेक्किया बंदरातून निघाली आणि काही तासांतच जील्यो बेटाच्या खडकावर आपटून कलंडली. कप्तानाने बेटाला सलामी देण्यासाठी तिला किनाऱ्याच्या फार जवळ नेले होते. ३२ माणसे गेली. चिवितावेक्कियाला जे सहाशेहून अधिक प्रवासी चढले, त्यांच्यासाठी तो सुटीचा पहिलाच दिवस होता, आणि त्यांची कवायत दुसऱ्या दिवसावर ठेवलेली होती. त्या वेळच्या नियमाने चोवीस तासांची सवड होती, म्हणून त्यात बेकायदा काही नव्हते. नियम नंतर बदलला. १ जानेवारी २०१५ पासून बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी ही कवायत घेणे सक्तीचे झाले. त्या बत्तिसांत मुंबईचा एक तरुण वेटर होता. त्याचे अवशेष सर्वांत शेवटी, २०१४ च्या नोव्हेंबरात, भंगारात काढण्यासाठी जेनोवाला ओढत नेलेल्या त्या बोटीच्या पोटात सापडले. घरच्यांनी जवळजवळ तीन वर्षे वाट पाहिली. आमच्या शेजारचे एक जोडपे कवायतीच्या वेळी एकमेकांचे फोटो काढीत होते. कुंकळ्ळीच्या तरुणाने त्यांच्या नावापुढे खूण केली आणि यादी पुन्हा वरून खाली मोजली.

सूर्य कलल्यावर दोर सुटले. बंदराचा पायलट चढलेला होता, एक टगबोट कुशीला लागून होती, आणि एवढे प्रचंड धूड धक्क्यापासून इतके निःशब्द दूर सरकले की आम्ही हललो की धक्का हलला हे क्षणभर समजेना. मागे पोर्ट लुईचे डोंगर उभे राहिले. अंगठ्यासारखे वर आलेले ल पूस, आणि माथ्यावर धोंडा तोललेला पीटर बोथ. ‘बीगल’ जहाजातून १८३६ साली येथे आलेला डार्विन ल पूसवर चढून गेला होता. रस्त्यांवर राबणाऱ्या हिंदी कैद्यांविषयीही त्याने लिहून ठेवले आहे. आप्रवासी घाट आम्ही शोधीत होतो. पण समुद्रावरून तो दिसत नाही. साखरेची गोदामे, क्रेन आणि उंच कचेऱ्या दिसतात.

रात्री दहानंतर त्या तरुणाला अर्धा तास मोकळा मिळाला आणि खालच्या एका निवांत डेकवर तो आमच्याशी बोलला. बोटीवर कामगाराने प्रवाशाशी असे बोलत बसणे शिस्तीत बसत नाही, म्हणून तो उभ्यानेच बोलत होता. करार नऊ महिन्यांचा. आठवड्याचे सातही दिवस काम. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराने दिवसाला किमान दहा तास विश्रांती ठरवून दिली आहे. भारताने तो करार २०१५ साली मान्य केला. ते दहा तास कागदावर भरतात, तो म्हणाला, पण ते तुकड्या-तुकड्यांनी भरतात. नोकरी मिळवून दिल्याबद्दल खलाशाकडून पैसे घेण्यास त्याच कराराने मनाई केली आहे. त्याने मात्र पहिल्या नोकरीसाठी एका दलालाला आईच्या बांगड्या विकून पैसे दिले होते. पावती मिळाली नाही. दुसऱ्या खेपेपासून दलाल लागला नाही, असे तो दलालाची बाजू घेतल्यासारखे म्हणाला.

या ठिकाणी आम्ही आमचे मत लपवून ठेवीत नाही. मुरगावला पर्यटनबोट लागली की आपल्याकडे प्रवाशांची संख्या छापून येते, त्यांनी बाजारात काय खरेदी केले त्याची चर्चा होते. त्याच बोटीच्या पोटातून आपले किती मुलगे आले, त्यांतल्या कितींना चार तास घरी जाऊन येता आले, हे कोणी विचारीत नाही. गोव्याच्या कित्येक वाड्यांवरची घरे या मुलांच्या डॉलरांनी उभी राहिली आहेत. त्यांना फसविणाऱ्या दलालांची नावे त्या वाड्यांवर सर्वांना ठाऊक असतात. पोलिसांनाच तेवढी ठाऊक नसतात.

२०२० च्या एप्रिलात महामारीमुळे तो ज्या बोटीवर होता ती मुंबईबाहेर नांगरून राहिली. प्रवासी आधीच उतरले होते; उरले ते कामगार. रात्री शहराचे दिवे दिसत. फोनला मुंबईचा सिग्नल मिळे, आई विचारी, जेवलास का, आणि हा सांगे, जेवलों. उतरण्याची परवानगी मिळेपर्यंतचे दिवस त्याने मोजलेले होते, पण ते आम्हांला सांगताना त्याने आकडा गिळला. सिग्नलवरून त्यानेच ‘वाकाशिओ’ची गोष्ट काढली. त्याच वर्षी जुलैत ते मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळावर चढले आणि सुमारे हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात सांडले. फोनचा सिग्नल मिळावा म्हणून जहाज किनाऱ्याजवळ नेले होते, असे जपानच्या चौकशीत पुढे निष्पन्न झाले. भारतीय कप्तान आणि त्याचा श्रीलंकन सहकारी यांना वीस-वीस महिन्यांची शिक्षा झाली. “चूक ती चूक,” तरुण म्हणाला, “पूण घरा फोन करूंक कोणाक जायना?”

डाव्या हाताला ल मोर्नच्या पर्वताचा काळा आकार सरकत होता आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे दिवे विरळ होत चालले होते. आमच्या खालच्या डेकवर, कठड्यालगत, वीस-पंचवीस कामगार हातांतले फोन उंच धरून उभे होते. फिलिपिनो होते, इंडोनेशियन होते, एक-दोघे आपल्याकडचे असावेत. बोटीवरचे इंटरनेट विकत घ्यावे लागते. बेटाचा सिग्नल फुकट. तो आणखी थोडा वेळच पुरणार होता. तरुणानेही खिशातून फोन काढला, पडद्याकडे पाहिले आणि परत ठेवला. घरी रात्रीचे अकरा वाजून गेले असतील, म्हातारी माणसे निजली असतील, असे तो म्हणाला.

सौभाग्यवतीने विचारले, नाताळ कोठे? नाताळ येथेच, बोटीवर; त्या रात्री काम दुप्पट असते. मग घरी कधी? “एप्रिलांत,” तो म्हणाला, “पावसा आदीं नळे परतूंक जाय. पाय आतां पाख्यार चडूंक शकना.” एवढे बोलून तो घाईने आत गेला, कारण अर्धा तास होऊन गेला होता. आम्ही खोलीवर आलो तेव्हा तिसरी पेटी दाराशी उभी होती. तिच्यावरची पट्टी सुटलेली होती आणि कोणीतरी नवी बांधून, आमचे नाव ठळक देवनागरीत लिहून ठेवले होते.